पाणी उतरल्यावर वाळू कोणाची? भीमा-सीनाकाठच्या माणसांविषयी एका शिक्षिकेच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न असा होता: "मी सोलापुरात माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. 'नद्या आणि पाणथळ जागांबरोबर जगणारे पारंपरिक व आदिवासी समाज' या विषयावर मुलांकडून प्रकल्प करून घ्यायचा आहे. वाचायला मिळतं ते ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटाचं किंवा मणिपूरच्या लोकटाक सरोवराचं. आपल्याकडे ना जंगल, ना बारमाही नदी. मुलांना दाखवू काय? आणि त्या जुन्या ज्ञानाचा आज खरंच काही उपयोग उरलाय का?"

बाई, गेली तेवीस वर्षं मी भीमा आणि सीनाकाठच्या मच्छीमार संस्थांबरोबर काम करते. संस्थेचं दप्तर लिहायचं, ठेक्याचे अर्ज करायचे, जातीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालायचे, होडी बुडाली की पंचनाम्याला उभं राहायचं, असं हे काम आहे. त्यामुळे पुस्तकातलं कमी आणि काठावरचं जास्त सांगेन. लांबेल जरा, पण तुम्ही मुलांना घेऊन जाणार आहात, तेव्हा वरवरचं सांगून भागणार नाही.

आपल्याकडे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातलाही बराचसा सप्टेंबरात. नद्या कोरड्या पडतात हे खरंच आहे. पण कोरडी नदी म्हणजे रिकामी नदी असं मुलांना वाटत असेल, तर तिथूनच सुरुवात करा. भीमेच्या एखाद्या गावाखालचं पात्र घ्या. आषाढ-श्रावणात तिथं नावाडी असतो. पाणी निवळलं की भोई जाळं टाकतो. दिवाळीनंतर वाळू उघडी पडली की तिथंच कलिंगडाचे वेल लागतात. चैत्रात त्याच वाळूत झिरे, म्हणजे पाण्यासाठीचे लहान खड्डे, खोदले जातात आणि मेंढरं पाण्यावर येतात. जागा तीच राहते, महिने बदलतात तशी माणसं बदलतात. हे कोणी कागदावर लिहून दिलेलं नव्हतं. ज्याची त्याची पाळी ठरलेली होती आणि ती पाळी नदीचं पाणी ठरवायचं. माझ्या मते नदीबरोबर जगणं म्हणजे ही पाळी ओळखणं, आणि तुमच्या प्रकल्पाचा धागाही तोच असावा.

भोई आणि कोळ्यांपासून सुरुवात करू. पूल नव्हते तेव्हा माणसं, धान्य, वऱ्हाड, बाळंतीण, सगळं ह्यांच्याच हातून पलीकडे जायचं आणि सुगीत त्यांना त्याबद्दल धान्य मिळायचं. साधनं साधी होती. गुळाची काहील नदीत लोटून तिच्यात माणसं बसवून पार करायची रीत भीमाकाठी होती. वाळलेले भोपळे किंवा लाकडं एकत्र बांधून जो तराफा करतात त्याला सांगड म्हणतात. आपण रोज 'दोन गोष्टींची सांगड घातली' म्हणतो, तोच हा शब्द. मुलांना हे नक्की सांगा, कारण भाषेच्या तासाला शिकलेला शब्द नदीवर सापडला की ती एकदम जागी होतात.

माशांचं ज्ञान ह्या लोकांकडे कसं असतं त्याचा एक नमुना देते. मृगाचे पहिले पूर आले की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. त्याला चढण म्हणतात. ओढ्या-ओघळींतून, भरलेल्या शेतातून सुद्धा मासा वर जातो, कारण उथळ, ताज्या पाण्यात अंडी टाकायची असतात. त्या दिवसांत मासा पकडणं सगळ्यात सोपं, अगदी टोपलीनं मिळतो. आणि जाणता म्हातारा नेमकं तेव्हाच सांगतो की वर जाणारा पोटात गाभोळी घेऊन चाललाय, त्याला जाऊ दे, परतीचा धर. सगळे ऐकायचे असं मी म्हणणार नाही, चढणीच्या माशांवर गावच्या गाव तुटून पडतं हे मीही पाहिलंय. पण नियम माहीत असणं आणि नियमच नसणं यात फरक आहे. आज बारीक आसाचं जाळं लावणाऱ्या पोराला आपण काय करतोय ते ठाऊक नसतं. त्याच्या आजाला ठाऊक होतं.

डोहांचं असंच. नदी आटली तरी डोहात पाणी राहतं. वांब, मरळ, शिंगटा असे मासे तिथंच उन्हाळा काढतात आणि पुढच्या पावसाचं बी तिथंच टिकतं. बहुतेक मोठ्या डोहांच्या काठी तुम्हाला शेंदूर लावलेले सात दगड दिसतील. त्या साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता. भरदुपारी डोहात उतरायचं नाही, अमक्या वारी जाळं टाकायचं नाही, अशी बंधनं त्यांच्या नावानं असतात. ह्याला अंधश्रद्धा म्हणून मुलांसमोर उडवून लावू नका, आणि 'पूर्वजांचं विज्ञान' म्हणून डोक्यावरही घेऊ नका. लोक आसरांना घाबरतात ते खरोखरच घाबरतात, मासे वाचवायचे म्हणून नव्हे. त्या भीतीमुळे डोहाला विश्रांती मिळाली, एवढं मात्र खरं. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या वाळणकोंडीत काळ नदीच्या डोहातले मासे देवीचे म्हणून कोणी पकडत नाही, तिथले महसीर आजही भाविकांच्या हातचं खायला वर येतात. आपल्याकडच्या डोहांना असं नाव मिळालं नाही. त्यातले कित्येक आता वाळू उपशाच्या खड्ड्यांत मिसळून गेलेत, आणि सात दगड काठावर तसेच उभे आहेत.

पंढरपूरला मुलांना नेलंत तर विठ्ठलाच्या दर्शनाबरोबर वाळवंटातल्या पुंडलिकाच्या मंदिरापाशीही थांबा. ते मंदिर नदीच्या पात्रातच आहे आणि तिथली पूजाअर्चा महादेव कोळी समाजाकडे आहे. एवढ्या मोठ्या क्षेत्रात नदीतल्या देवळाची सेवा नदीवरच्या माणसांकडे असणं ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. हेच मंदिर पुराची मोजपट्टीही आहे. पंढरपुरात अजूनही कोणी आधी क्युसेक विचारत नाही. पुंडलिकाला पाणी लागलं का, जुना दगडी पूल बुडाला का, हेच विचारतात. आणि त्या उत्तरावरून कुठल्या गल्लीतली माणसं हलवायची ते ठरतं. नदीकाठी अशा मोजपट्ट्या जागोजाग आहेत, कुठं घाटाची पायरी, कुठं म्हसोबाचा दगड, कुठं चिंचेचं खोड. प्रत्येक मुलाला आपल्या आजोळच्या नदीची अशी एक खूण शोधून आणायला सांगा. माझ्या मते प्रकल्पातलं ते सगळ्यात चांगलं पान होईल.

आता वाळूवरच्या शेतीकडे येऊ. हे मी जरा सविस्तर सांगते, कारण हे फार लवकर पुसलं जाणार आहे.

दिवाळी सरली, पाणी उतरलं, की भोई, कोळी आणि इतरही काही भूमिहीन कुटुंबं पात्रातली वाळू वाटून घ्यायची. दोरी टाकून, गेल्या वर्षी कुणाचं कुठं होतं ते आठवून, भांडून आणि मिटवून. मग हातभर, कधी दोन हात खड्डे घ्यायचे, खालची ओल लागेपर्यंत. त्या आळ्यात लेंडीखत घालायचं. ते खत धनगरांकडून यायचं, आणि बदल्यात त्यांच्या मेंढरांना उन्हाळ्यात पात्रातल्या पाण्यावर कोणी अडवायचं नाही. बी टाकायचं कलिंगड, खरबूज, काकडी, दुधी, दोडक्याचं. रोप लहान असताना वाऱ्यानं वाळू उडते आणि कोवळं पान भाजून निघतं, म्हणून वाऱ्याच्या अंगाला तुरकाट्यांचा किंवा पाचटाचा आडोसा. मूळ ओलीच्या मागं खाली खाली जातं, वेल वर वाळूवर पसरतो. पाणी जवळजवळ द्यावं लागत नाही. फळ भरायला लागलं की रात्री कोल्ह्यांसाठी जागायचं. माघ-फाल्गुनात कलिंगडं निघाली की मंगळवेढा, पंढरपूर, मोहोळचा बाजार. सातबारा नाही, विहीर नाही, बैल नाहीत, अशा घराला चार महिने हातात पैसा देणारी ही शेती होती. मी ज्या मावशींकडून हे शिकले त्या एका वाक्यात हिशेब सांगायच्या, "पाणी उतरलं की वाळू आमची, पाणी चढलं की तिची." 'तिची' म्हणताना त्या हात नदीकडे करायच्या.

वाळूतलं पाणी काढायची रीतही बघण्यासारखी आहे. सांगोल्याकडे माणगंगेच्या पात्रात, मे महिन्यात, एका आक्काबरोबर मी झिरा खोदायला बसले होते. जागा त्यांनी निवडली. मला सगळी वाळू सारखीच दिसत होती. त्यांनी सकाळच्या उन्हात एक गडद पट्टा दाखवला, जिथं लव्हाळ्याची दोन हिरवी टोकं होती. गुडघे टेकून हातानंच वाळू ओढायला सुरुवात केली. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा बोटांना गारवा लागला, मग तळाशी गढूळ पाणी जमलं. नारळाच्या करवंटीनं ते पाणी त्यांनी तीनदा उपसून लांब फेकलं. कडेनं वाळू ढासळू नये म्हणून चार गोटे लावले. मग नुसत्या बसून राहिल्या. मी घाई केली तर म्हणाल्या, "निवळू दे गं, पाण्यालाबी दम लागतो." थोड्या वेळानं तळ स्वच्छ दिसायला लागला. फडकं लावून घागर भरली. जाताना झिऱ्यावर बाभळीची फांदी आडवी टाकली, जनावराचा पाय पडू नये म्हणून, आणि करवंटी तिथंच ठेवली, पुढच्या बाईसाठी. जनावरांचा झिरा वेगळा, खालच्या अंगाला.

आणि इथं एक गोष्ट लपवू नका, बाई. खालच्या अंगाला फक्त जनावरंच नव्हती. गावागावांत पाणवठे जातीप्रमाणे वेगळे होते. वरच्या अंगाला कोणाचा झिरा आणि खालच्या अंगाला कोणाचा हे ठरलेलं होतं, आणि ज्यांच्या वाट्याला खालचं पाणी आलं त्यांना ते आजही आठवतं. पारंपरिक जीवनाचं कौतुक करताना हा भाग गाळला तर वर्गातल्या काही मुलांच्या आजी-आजोबांची गोष्ट आपण गाळली असं होतं. पाळी होती, तशी उतरंडही होती. पाळी सांभाळायची आणि उतरंड टाकायची, असंच मी संस्थांच्या बैठकांत सांगत आलेय, आणि त्यावर भांडणंही झालीत.

वाळू गेली तेव्हा हे दोन्ही, कलिंगड आणि झिरा, एकदमच गेले. मुलांकडून एक गणित करून घ्या. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २,८३० लिटरची जागा. वाळूच्या कणांमधली पोकळी साधारण तिसरा हिस्सा धरली तर एक ब्रास वाळू आठ-नऊशे लिटर पाणी धरून ठेवू शकते. त्यातलं सगळं हाती लागत नाही, पण जे लागतं ते उन्हानं उडून न जाता, गाळून निघालेलं पाणी असतं. चार ब्रासची एक गाडी नदीतून गेली की तीन-साडेतीन हजार लिटरची टाकी गेली. वाळूखाली एकतर कातळ असतो, नाहीतर चिकणमाती. त्यावर ना वेल लागतो, ना झिरा.

आता उजनी. ह्याशिवाय आपल्या जिल्ह्यातल्या पाण्याचं काहीच बोलता येत नाही.

१९८० साली भीमेवर उजनी धरण पूर्ण झालं. एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), त्यातला निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा, म्हणजे मोजताना शून्याच्या खाली धरलेलं पाणी. म्हणून तर दर उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी येते आणि बाहेरच्या माणसाला कळत नाही की शून्याच्या खाली पाणी असतं कसं. धरणानं ऊस दिला, सोलापूर शहराला पाणी दिलं, हे मी नाकारत नाही. मीही तेच पाणी पिते. पण नदीची पाळी त्या दिवसापासून बदलली. पूर्वी खालच्या पात्रातलं पाणी पाऊस आणि महिना सांगायचा, आता ते आवर्तनाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या, वेळापत्रकानं येतं. फाल्गुनात कोरड्या पात्रात कलिंगडं भरलेली असताना एका रात्रीत पाणी सोडलं गेलं, तर वेल गेले. सूचना ग्रामपंचायतीला येते, मोटारी काढून घ्या म्हणून दवंडीही होते, पण पात्रातली जमीन सरकारी, पिकाची कुठं नोंद नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही. अशाच एका नुकसानीचा अर्ज घेऊन मी एका कार्यालयात गेले होते. तिथल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं की नदीत शेती नसतेच. त्यांचं कागदावरचं बरोबर होतं. बाहेर बाकावर बसलेल्या त्या जोडप्यानं सतरा वर्षं तीच शेती केली होती.

तुम्ही लोकटाकचं नाव घेतलंत, तर त्याच्याशी हे जोडून दाखवा. लोकटाकात फुमदी नावाचे कुजलेल्या वनस्पतींचे तरंगते थर आहेत. त्यांच्यावर तिथले मच्छीमार झोपड्या बांधून राहतात, आणि संगाई हरणाचं रानही त्यावरच आहे. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरलं की फुमदी तळाला टेकायची, तिच्यावरच्या झाडांना मातीतलं खाद्य मिळायचं, पावसात ती पुन्हा तरंगायची. १९८३ साली इथाई बंधारा झाला आणि वीज व पाण्यासाठी सरोवराची पातळी वर्षभर उंच ठेवली गेली. फुमदी टेकणं थांबलं आणि ती पातळ होत गेली. त्यांचं पाणी उतरत नाही हे दुखणं, आमचं पाणी अवेळी चढतं हे दुखणं. मूळ एकच आहे.

पण उजनीच्या वरच्या अंगाला लोकांनी नवी पाळी शिकून घेतली, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. परंपरा म्हणजे जुनं काहीतरी असं मुलांनी धरू नये. करमाळ्यात केत्तूरकडे जा. पाणी जसजसं मागं हटतं तसतसा गाळ उघडा पडतो आणि त्यावर गाळपेर होते, कुणी मका, कुणी कडवळ, कुणी हरभरा. ज्यांची जमीन धरणात गेली त्यांच्याच घरातली माणसं कधीकधी बुडालेल्या शेताच्या जागी पेरतात. बांध दिसत नाही, पण आजोबा चालत जाऊन पाय रोवतात आणि म्हणतात, इथं आपला आंबा होता. काठचे शेतकरी मोटारी आणि पाइप पाण्याच्या मागं मागं खाली नेतात, ते पुरलं नाही की चर खोदून पाणी मोटारीपर्यंत आणतात. जो उथळ चिखल गाळपेरवाल्याला हवा, त्याच्या कडेच्या पाण्यात रोहित पक्षी चरत असतात. चित्रबलाक, पट्टकादंब, ब्राह्मणी बदकं हिवाळ्यात तिथंच. पलीकडे इंदापूर-भिगवण भागात भोयांची पोरं होड्यांतून पर्यटकांना पक्षी दाखवतात. त्यांना पक्ष्यांची इंग्रजी नावं पाठ आहेत, आणि कुठल्या वाऱ्याला कुठला थवा कुठं बसेल हे त्यांना बापाबरोबर जाळं टाकतानाच कळलेलं असतं.

मासाही बदलला. आज उजनी म्हटलं की चिलापी. तो इथला नाही, बाहेरून आला आणि पसरला. वांब आणि मरळ कमी झाले ह्याचं मला दुःख आहे, पण चिलापीवर हजारो चुली पेटतात हेही खरं, आणि मच्छीमारासमोर उभं राहून 'परका मासा' म्हणून नाक मुरडायची माझी तयारी नाही. मला चिंता आहे ती पाण्याची. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत उतरतं. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवी साय धरते, जलपर्णीत होडी अडकते, जाळ्याला वास येतो. एक मच्छीमार अण्णा सकाळी जाळं ओढण्याआधी ओंजळभर पाणी नाकाशी नेतात आणि सांगतात, आज ह्या खाडीत मासा नाही. पाण्यातला प्राणवायू मोजायचं यंत्र मी पुष्कळ वर्षांनी पाहिलं. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं तेव्हा अण्णा चुकले नव्हते.

पाणी दिसतं तितकं गरीब नाही, हेही मुलांना सांगायलाच हवं. धरणानं समोरासमोरची गावं तोडली, त्यामुळे करमाळा-इंदापूर भागात माणसं अजून होडीनं ये-जा करतात. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ कसं फिरतं ते जुने नावाडी जाणतात, आणि तरीही अशा वाऱ्यापुढं अनुभव पुरत नाही. तुम्ही मुलांना होडीत बसवणार असाल तर फक्त सकाळी, आणि प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असेल तरच. ह्यात तडजोड नको.

कायद्याचं थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी ही तीन रामसर स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा, आहेत. पाणथळ जागांसाठी देशात २०१७ चे नियम लागू आहेत, पण त्यांतून नदीचं पात्र आणि सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेत. आता सोलापूर जिल्ह्याकडे बघा. भीमा-सीना हे पात्र, उजनी सिंचनाचा जलाशय, १८७१ साली पूर्ण झालेला हिप्परग्याचा एकरुख तलावही सिंचनाचाच. म्हणजे आमच्या भोयाचं, गाळपेरवाल्याचं आणि रोहित पक्ष्यांचं जवळजवळ सगळं जग ह्या नियमांच्या बाहेर. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाण्यातल्या माशांवर आणि भटक्या पशुपालकांच्या चराईवर सामूहिक हक्क मान्य केलेत, ही मोठी गोष्ट आहे. पण तो वनजमिनीपुरता, आणि आमची नदी वनात नाही. भोई समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींत मोडतो, कोळ्यांच्या पोटजातींचा दाखल्याचा वाद वर्षानुवर्षं चाललाय. नदीवर पिढ्या गेल्या तरी नदीवरचा हक्क सांगायला त्यांच्या हातात मच्छीमार संस्थेचा ठेका सोडून दुसरा कागद नसतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, उपयोग उरलाय का. मी पुराचं उदाहरण देते. जुन्या माणसांच्या तोंडी पांढरी आणि काळी असे दोन शब्द असतात. पांढरी म्हणजे गावठाणाची जमीन, काळी म्हणजे पिकाची. पांढरी जवळजवळ नेहमी उंचवट्यावर असते. हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेच्या संगमावर जाऊन बघा. मराठीतला शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख तिथल्या संगमेश्वर मंदिरात आहे, आणि दोन नद्यांच्या ऐन तोंडावर ती वास्तू हजार वर्षं उभी आहे. ऑक्टोबर २०२० ला भीमेचा पूर आला, सप्टेंबर २०२५ ला सीनेनं माढा, मोहोळ, उत्तर सोलापूरची गावं आणि शेतं पाण्याखाली घातली. सीनेच्या पुरानंतर आम्ही काही गावांत फिरलो. मी पाहिलेल्या गावांत जास्त नुकसान नव्या वस्तीचं झालं होतं, रस्त्याच्या सोयीनं काळीत, ओढ्याच्या जुन्या वाटेवर बांधलेल्या घरांचं. एका ठिकाणी ऐंशीच्या पुढच्या एका आजोबांनी पाणी यायच्या आदल्या संध्याकाळी गुरं सोडायला लावली होती. कारण विचारलं तर म्हणाले, मुंग्या अंडी घेऊन वर चढत होत्या आणि नदीचा आवाज जड झाला होता. मुंग्यांचं मी काही सांगू शकत नाही. पण पाण्यात गाळ आणि लाकूडफाटा वाढला की आवाज बदलतो हे मी स्वतः ऐकलंय. त्यांची गुरं वाचली.

म्हणून मला वाटतं, गावाच्या पुराच्या खुणा, ओढ्यांच्या जुन्या वाटा आणि डोहांच्या जागा नकाशावर आणणं हे आज करण्यासारखं काम आहे, आणि ते शाळेतली मुलं करू शकतात. पूर्व विदर्भात भंडारा-गोंदियाकडे जुन्या मालगुजारी तलावांवर ढिवर या मच्छीमार समाजाच्या लोकांनी असंच केलं. कुठल्या पाणवनस्पतीखाली कुठला देशी मासा अंडी घालतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यावरून त्यांनी, विशेषतः बायकांनी, नको ती झुडपं काढली, तलावांत देशी वनस्पती पुन्हा लावल्या, आणि देशी मासे परत आले. कोणी बाहेरून जाऊन त्यांना शिकवलं नाही. विचारलं आणि पाठीशी उभं राहिलं, एवढंच.

लांब जाणं जमणार नसेल तर सिद्धेश्वर तलावापासून सुरुवात करा. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या हातांनी तो खोदवून घेतला असं आपण मानतो, आणि मकरसंक्रांतीच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांच्या साक्षीनं सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी ज्या कुंभारकन्येचा विवाहसोहळा होतो, त्या कुंभाराचं पाण्याशी नातं काय हे मुलांना विचारा. तलाव आटला की कुंभार गाळाची माती न्यायचा, शेतकरी गाड्या भरून गाळ शेतात टाकायचा, आणि तलाव आपोआप उपसला जायचा. कोणाचं तरी काम होत असतं म्हणून तलाव जिवंत राहतो, हे चौथीच्या मुलालाही कळतं.

नदीवर जाणार असाल तर फेब्रुवारीत जा. तेव्हा पाणी उतरलेलं असतं, वेल असले तर दिसतात, पक्षी असतात आणि ऊन सोसतं. मुलांना प्रश्नावली देऊन पाठवू नका, म्हातारी माणसं फॉर्म बघून गप्प होतात, त्यांना वाटतं पुन्हा कुठलं सर्वेक्षण आलं. त्याऐवजी एखादं काम हातात घ्यायला सांगा, जाळ्यातला काडीकचरा वेचायला, दोरा ओवायला. हात चालले की माणसं बोलतात. बायकांशी मुलींनी वेगळं बोलावं, कारण मासा विकणं, वाळवणं, उधारी वसूल करणं हे सगळं त्यांच्याकडे असतं आणि पुरुष ते सांगत नाहीत. ऐकलेलं वहीत लिहिलं की ती वही एकदा परत त्या घरी वाचून दाखवा.

त्या कलिंगडवाल्या मावशी अजून आहेत. वाळू राहिली नाही म्हणून वेल नाहीत, पण बी जपून ठेवलंय, राखेत घोळून, पत्र्याच्या डब्यात. तुम्ही कळवलंत तर मी मुलांना घेऊन जायची व्यवस्था करते. त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, तेव्हा मुलांना उजव्या बाजूला बसवा, आणि डबा उघडायला सांगायची गरज नाही, त्या स्वतःच उघडतात.